रिसीव्हर तेवढा जुनाच

"रबर बँड लाव," मी म्हणाले. "दांडी हवी तिथं रबर बँडनं अडकव, मी बटण दाबते, आणि आपण जेवून घेऊ. मला भूक लागलीय."

"रबर बँडला विमानातलं काय कळतं?" दादा म्हणाला.

"आणि तुला भुकेतलं काय कळतं?"

तो हसला नाही. जेवणाच्या टेबलावर त्याचं ग्लायडर खिडकीपासून फ्रिजपर्यंत पसरलं होतं, आणि त्यापायी वहिनींनी पानं स्वयंपाकघरात जमिनीवर मांडली होती. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. लांब, सडपातळ पंख, टोकं वर उचललेली, सगळा सांगाडा दादानं हातानं केलेला. चित्रकलेचा मास्तर तो, पण त्याचं खरं मन अशा लाकडाकागदाच्या विमानांत. हे शेवटचं, असं तो स्वतःच म्हणायचा. हे उडवायचं, एकदा, आपल्या हातानं. मग ट्रान्समीटर मला देऊन टाकायचा.

आपल्या हातानं, हीच तर अडचण होती. दादाच्या हातांना कंप सुटला होता. काही धरायला गेला की जास्तच. रोज सकाळी मी वहिनींना फोन करायची तेव्हा त्या 'हॅलो'च्या आधी तेवढंच सांगायच्या. "आज हात बरा आहे त्यांचा," किंवा "आज नाही गं."

त्या दुपारी हात बरा नव्हता, आणि नेमकं त्याच दुपारी दादाला फेलसेफ बसवायचा होता.

आता हे काय, ते सांगते. ट्रान्समीटर म्हणजे आपल्या हातातला खोका. त्याच्यावर दोन दांड्या असतात. दांडी हलवली की विमानाच्या पोटातल्या रिसीव्हरला कळतं, आणि रिसीव्हर सर्व्होंना, म्हणजे सुकाणू हलवणाऱ्या चिमुकल्या मोटरींना, हुकूम सोडतो. मधला संपर्कच तुटला तर काय करायचं, हे रिसीव्हरला आधी शिकवून ठेवता येतं. हवी तशी दांडी धरायची आणि रिसीव्हरवरचं बारकं बटण दाबायचं. त्या क्षणी दांडी जिथं असेल ते तो लक्षात ठेवतो. खालून आवाज येईनासा झाला की सुकाणू तिथं नेतो आणि स्वस्थ बसतो. यालाच फेलसेफ म्हणतात.

"सुकाणू थोडंसं डावीकडे," दादा म्हणाला, "शेपटीची पट्टी केसभर वर. माझा हात थांबला की मी 'दाब' म्हणेन."

हात थांबेना. कोपर टेबलावर टेकव, मनगट दुसऱ्या हातानं धर, सगळं करून झालं. तो "दाब" म्हणायचा, मी दाबायची, आणि तेवढ्यात दांडी हललेली असायची. मग ट्रान्समीटर बंद करून तपासायचं, तर सुकाणू भलतीकडे तोंड करून बसलेलं. पुन्हा पहिल्यापासून. माझं बोट दुखायला लागलं. स्वयंपाकघरात वरण दुसऱ्यांदा गरम झालं.

"इतकं कशाला?" मी शेवटी चिडले. "संपर्क तुटतो कुठं आजकाल? फेलसेफ कुणाला लागतो?"

दादा उठून उभा राहिला. पाय जरा फाकवले, खांदा सैल सोडला आणि श्वास आत ओढून रोखून धरला. ही त्याची उभं राहण्याची तऱ्हा कऱ्हाडात निम्म्या गावाला माहीत होती. वर्गात फळ्यापुढे तो असाच उभा राहायचा आणि खडूच्या एका फटकाऱ्यात हातानं गोल काढायचा. कंपास नाही, दोरी नाही. पोरं मोजपट्ट्या लावून बघायची आणि टाळ्या वाजवायची. कंप आल्यावर पहिल्यांदा गेला तो तो गोल. त्यानंतर त्यानं शाळेतून लवकर निवृत्ती घेतली.

"दाब!"

मी दाबलं. ट्रान्समीटर बंद केला. सुकाणू थोडंसं डावीकडे झालं, पट्टी केसभर वर आली, आणि दोन्ही तिथंच राहिली. दादानं वाकून बराच वेळ बघितलं.

"चला, जेवू," तो म्हणाला.

जेवताना मी दुसरं भांडण काढलं, कारण तेही राहूनच गेलं होतं. मी वीज मंडळात इंजिनिअर. व्होल्टेज कमी पडलं की काय होतं हे गावोगावच्या शिव्या खाऊन शिकलेली बाई.

"सर्व्हो तू फार जलद घेतलेस," मी म्हणाले. "ते वीज पितात, दादा. चार सेलची बॅटरी पुरायची नाही. पाचची घाल."

"नाकात मावत नाही."

"मग नाकातली ती आडवी फळी काप."

दादाचा घास हातातच राहिला. "फळी कापू? सुली, ती शिवणीच्या लाकडाची आहे. हात चांगला होता तेव्हा केलेली. बघितलीस का तिची गोलाई?"

"आत आहे ती! कोण बघतंय तिची गोलाई?"

"मी बघतो," दादा म्हणाला. "आणि सर्व्हो जलदच पाहिजेत. इकडे दांडी केसभर हलली तर तिकडे सुकाणू केसभर हललं पाहिजे. मला विमान हाताला जाणवायला हवं."

जेवणानंतर त्यानं मीटर लावून मला दाखवलंच. कोपर टेबलावर टेकवून त्यानं एकेक दांडी हळूहळू फिरवली. काटा जागचा हलला नाही. "बघ," तो म्हणाला. मी बघितलं आणि मीटरच्या तारा काढल्या. हट्टाला पेटलेल्या माणसापुढे मीटरही त्याच्याच बाजूनं बोलतो.

एप्रिल संपता संपता आम्ही सड्यावर गेलो. पाटणच्या वरच्या अंगाला हा सडा आहे, काळ्या कातळाचा, वर वाळकं पिवळं गवत, आणि पश्चिमेला एकाएकी संपणारा. पुढे दरी. दुपारी समुद्राकडून सुटलेला वारा त्या कड्यावर आदळतो आणि दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून सरळ वर चढतो. कड्याच्या टोकाशी उभं राहिलं की तो पायाकडून येतो, साडी डोक्यापर्यंत उडवतो. मी असल्या कामाला पंजाबी ड्रेसच घालते. वहिनींना किती सांगितलं, पण त्या नऊवारीचा काष्टा मारल्यासारखा पदर खोचून आल्याच होत्या.

जीप इस्माईल बागवानची. फळांचा व्यापारी, दादाचा जुना विद्यार्थी, दादाची सगळी विमानं हातानं फेकून सोडणारा. दणकट गडी. चित्रकलेत नापास व्हायचा, हे तोच सगळ्यांना सांगत फिरायचा.

दादा आणि इस्माईल पंख जोडत होते तेव्हा वहिनींनी मला जीपच्या मागं बोलावलं.

"सुलीताई, एक ऐकाल?"

"काय?"

"तिकडे काही झालं तरी त्यांच्या हातातून ते काढून घेऊ नका."

"अहो वहिनी, विमान पडायला लागलं तर?"

"पडू दे." त्या जीपच्या चाकाकडे बघत बोलत होत्या. "वस्तरा मी काढून घेतला त्यांच्या हातातून. चहाचा कप काढून घेतला, आता पेला देते झाकणाचा. पेन काढून घेतलं, सही मी करते. सगळं मीच काढून घेतलंय. हे एवढं राहू दे."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण मनातून मी ठरवलं होतं की वेळ आली तर ट्रान्समीटर हिसकावून घ्यायचा. माणसानं वर्षं घालवून केलेली वस्तू डोळ्यांदेखत दरीत जाऊ द्यायला मी काही संत नाही.

"सर, सोडू का?" इस्माईल ओरडला.

दादानं ट्रान्समीटर पट्ट्यानं गळ्यात अडकवला होता. अंगठे दांड्यांवर होते आणि ते थरथरत होते, टेबलापाशी होते त्याहून जास्त. इथं कोपर टेकवायला काही नव्हतं. वारा होता, आणि त्याच्या छातीत काय चाललं होतं ते त्यालाच ठाऊक.

"सोड!"

इस्माईलनं चार पावलं धावून ग्लायडर दरीवर सोडून दिलं.

ते खाली गेलंच नाही. वाऱ्यानं ते तळव्यावर घ्यावं तसं उचललं. कड्याच्या वर, आमच्या डोक्याच्या वर, आणखी वर. पंखांच्या पातळ कागदातून ऊन आरपार येत होतं आणि आतल्या फासळ्या एकेक दिसत होत्या. आवाज कसला तो नाही. मी बारा गावची विमानं बघितली आहेत, पण त्या वेळी मी उन्हावर हात आडवा धरून बघतच राहिले. वहिनींनी दोन्ही हात गालांवर ठेवले होते.

"अगं, जाणवतंय!" दादा म्हणाला. "सुली, वारा हाताला लागतोय!"

मग मला शेपटी दिसली. ती सारखी थरथरत होती. दादाला जलद सर्व्हो हवे होते ना, इकडे केसभर तर तिकडे केसभर? ते इमानेइतबारे तेच करत होते. त्याच्या अंगठ्याचा प्रत्येक कंप ते जसाच्या तसा वर पोचवत होते, आणि प्रत्येक कंपाला वीज ओढत होते. टेबलावर सावकाश फिरवलेल्या दांडीला पुरलेली बॅटरी ह्याला कशी पुरावी?

ट्रान्समीटर टीं-टीं करायला लागला. विमानातला रिसीव्हर आपल्याला किती व्होल्टेज मिळतंय ते खाली कळवत असतो, आणि कमी पडलं की हा खोका बोंब मारतो.

"दादा, व्होल्टेज!"

"ऐकतोय."

ग्लायडरनं नाक खाली घातलं. दादानं दांडी ओढली, पण विमान बहिरं झालं होतं. उपाशी रिसीव्हर बंद पडला होता. ते तसंच कड्याच्या खाली गेलं, दिसेनासं झालं, आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली. रिसीव्हर पुन्हा जागा झाला असावा, कारण ते वर आलं. शेपटी तशीच थरथरत होती. टीं-टीं थांबेना. थोड्या वेळात पुन्हा तेच. ह्या वेळी ते आधीपेक्षा खाली गेलं आणि वर यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला.

"सर, उतरवा!" इस्माईल म्हणाला. "सर, पाया पडतो तुमच्या, उतरवा आता!"

उतरवायचं तरी कसं? उतरवायला दांड्या आणखी हलवाव्या लागणार, आणि जितक्या हलवाव्यात तितकी वीज जाणार. पुढच्या वेळी रिसीव्हर जागा होईल याची खात्री नव्हती. मी दादाच्या उजव्या अंगाला सरकले. दिलेला शब्द गेला चुलीत, असं मनाशी म्हणून मी हात पुढे केला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पलीकडून वहिनी माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

माझा हात हवेतच राहिला.

आणि दादानं, विमान वर आलं होतं त्या घटकेला, दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले आणि ट्रान्समीटरचं बटण बंद केलं.

टीं-टीं थांबली.

"दादा!" मी किंचाळले. "अरे, काय केलंस हे!"

"गप," तो म्हणाला. "बघ तिकडे."

शेपटी थरथरायची थांबली होती. पाण्यावरचा तरंग विरावा तशी ती थांबली. सुकाणू थोडंसं डावीकडे वळलेलं मला खालून दिसलं. ग्लायडरनं नाक सावरलं, डावा पंख जरासा कलला, आणि ते वळू लागलं. घाई नाही, डगमग नाही. एक फेरा पुरा झाला आणि जिथं सुरू झाला होता तिथंच येऊन मिळाला. मग दुसरा. मग तिसरा, जरा वर.

दरीतून दोन घारी वर आल्या. त्यांनी पंख न हलवता ग्लायडरचा अंदाज घेतला आणि त्याच्याच वाऱ्यात, त्याच्याच फेऱ्यात शिरल्या. तिघं मिळून वर वर जाऊ लागली. खाली आमच्यातलं कुणीही काहीही करत नव्हतं. ट्रान्समीटर दादाच्या पोटावर मुका लोंबत होता. विमानाला कुणाचा हात नव्हता, आणि ते आजवर बघितलेल्या कुठल्याही विमानापेक्षा सुंदर उडत होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मला, वीज मंडळातल्या बाईला, त्यातलं सगळं कारण समजत होतं: सर्व्हो शांत, वीज वाचली, रिसीव्हर सावरला. सगळं समजूनही काटा जाईना.

"सर," इस्माईल हळूच म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली होती. "सर, ह्यो तर तुमचा गोल हाय. फळ्यावरचा."

दादाची मान वर होती आणि डोळे वाहत होते.

"आता चालू कर, दादा," मी म्हणाले. "व्होल्टेज सावरलं असेल. चालू कर आणि उतरव."

"कशाला?" दादा म्हणाला. "हात माझा हलतो आणि वीज त्याची जाते. मी सोडलं तेव्हा कुठं बिचाऱ्याला बरं वाटतंय."

"आणि हरवलं तर?"

"वारा इकडेच आणतोय. बघ की."

खरंच, प्रत्येक फेऱ्यागणिक ते वाऱ्याबरोबर आमच्याकडे सरकत होतं. कडा ओलांडून ते सड्यावर आलं, आमच्या डोक्यावरून गेलं, आणि वर चढणारा वारा मागं पडल्यावर फेऱ्या घेत घेतच उतरू लागलं. घारी परत फिरल्या. त्याची सावली गवतावरून, जीपवरून, वहिनींच्या अंगावरून फिरत गेली. शेवटच्या फेऱ्यात डावा पंख गवताला लागला, विमान अलगद तोंड फिरवून बसलं आणि गवत त्याच्या भोवती हललं.

आम्ही सगळे धावलो. दादा मागून चालत आला. पंखाच्या टोकाचा कागद जरासा फाटला होता, बाकी ओरखडासुद्धा नाही. वहिनी गवतात बसल्या आणि विमानाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

"तुला माहीत होतं असं होणार?" मी दादाला विचारलं. मी अजून धापा टाकत होते, आणि खरं सांगायचं तर अजून चिडलेलीही होते.

"बॅटरीचं? नाही. तिथं तुझंच खरं होतं." तो माझ्या शेजारी टेकला. दोन्ही हात मांडीवर होते, कापत होते. "पण कधीतरी हातातून सुटणार हे माहीत होतं. सुटल्यावर कसं उडायचं, ते हात ऐकतोय तोवर सांगून ठेवावं म्हटलं. एकदाच ऐकला बघ त्या दिवशी. तू बोटाला फोड आली म्हणून रडत होतीस तेव्हा."

"मी रडत नव्हते."

"भूक लागली म्हणून रडत होतीस."

त्यानं गळ्यातला पट्टा काढला आणि ट्रान्समीटर माझ्या मांडीवर ठेवला. कुणी काढून घेतला नाही. त्यानं दिला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दादाही नाही. ग्लायडर माझ्याकडे आहे, वहिनीही आता माझ्याकडेच असतात, आणि एप्रिलमध्ये मी त्याला सड्यावर नेते. इस्माईल फेकतो, त्याचे गुडघे कुरकुरतात तरी फेकतो. नाकातली ती शिवणीची फळी मी करवतीनं कापली. कापताना वहिनींनी तोंड फिरवलं. पाच सेलची बॅटरी आत बसली. सर्व्हो बदलले, तारा बदलल्या, कागद तर दोनदा बदलला.

विमानांच्या क्लबातली मुलं येतात, माझ्या विमानाच्या पोटात डोकावतात आणि हसू दाबतात. "मॅडम, हा रिसीव्हर अजून वापरता? आता किती छान छान मिळतात. रेंज जास्त, वजन निम्मं. आम्ही बसवून देतो." पोरं चांगली आहेत, आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. दुसऱ्या कुणाच्या विमानात हा रिसीव्हर दिसला असता तर मीच त्याला झापलं असतं. मी नको म्हणते. म्हातारी हट्टी आहे, असं ते आपसात म्हणतात. म्हणू देत. नवा रिसीव्हर कोरा असतो. त्याला शिकवायला आता कोण आहे?

दरवर्षी सड्यावर जायच्या आधी मी ग्लायडर टेबलावर घेते आणि सगळं तपासते. शेवटी वहिनींना हाक मारते. त्या स्वयंपाकघरातून ओले हात पदराला पुसत येतात, चष्मा लावतात, शेपटीपाशी वाकून उभ्या राहतात. मी ट्रान्समीटर बंद करते.

सुकाणू थोडंसं डावीकडे वळतं. पट्टी केसभर वर येते. आणि दोन्ही तिथंच थांबतात.

वहिनी बराच वेळ बघत राहतात. मग सरळ होतात.

"आज हात बरा आहे त्यांचा," त्या म्हणतात आणि पानं घ्यायला आत जातात.